दिवाळीच्या सुट्टीत थीम पार्क : सोलापूरहून जायचं तर रांगा कशा टाळाव्यात?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. आमचा अशोक चौकाजवळ शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना आहे. फेब्रुवारीपासून जुलै संपेपर्यंत आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, त्यामुळं उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरांना कुठं नेणं होतच नाही. वर्षातून एकदाच निवांत मिळतं ते दिवाळीत. म्हणून हे विचारतेय.

मागच्या दिवाळीत एका मोठ्या पार्कात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण तक्रार करायला हा धागा काढलेला नाही. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची, आम्ही दोघं आणि सासूबाई. मुलानं गणपतीपासून एकाच राईडचा ध्यास घेतला होता. आत गेल्या गेल्या तिच्याच रांगेत लागलो. एक तास चाळीस मिनिटं. उन्हात लोखंडी पाइपांच्या मधून नागमोडी सरकत सरकत वर जिन्यापाशी पोचलो, तर तिथल्या मुलानं माझ्या लेकाला उंचीच्या पट्टीखाली उभं केलं. दोन बोटं कमी. लेक टाचा उचलायला लागला, तर त्या मुलानं हळूच त्याचे खांदे खाली दाबले आणि मान हलवली. त्याचं काही चुकलं नाही, नियम जिवासाठीच असतात. पण लेकाचं तोंड बघवलं नाही. रांगेतून उलटं बाहेर यायचं तर मागच्या सगळ्यांना “जरा जाऊ द्या” म्हणत यावं लागलं, आणि तो माझ्या पदरात तोंड लपवून चालत होता.

संध्याकाळपर्यंत पाच राईड झाल्या. पाच माणसांचं तिकीट, पाच राईड.

यंदा परत जायचं आहे. खोपोलीचं इमॅजिका की हैदराबादचं वंडरला, ते ठरलेलं नाही. रांग चुकवायचे जे ज्यादा पैशाचे पास मिळतात ते पाच जणांसाठी घ्यावेत का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. ज्यांनी खरंच जाऊन केलंय त्यांनी सांगा.

विजापूर_रोड

सरळ एक्सप्रेस पास घ्या आणि मोकळे व्हा. वर्षातून एकदा जाताय, वेळेचीही किंमत असते. आम्ही शनिवारी गेलो होतो, पास नसता तर निम्म्या राईड हुकल्या असत्या. पाणी आणि टोप्या विसरू नका.

होममैदान

ताई, लेकराचं वाचून वाईट वाटलं. पासाचं मी पुढं सांगतो, आधी रांग म्हणजे काय ते सांगू द्या. थोडं लांब होईल, पण उपयोगाचं आहे.

मी कुठल्या पार्कात नोकरी केलेली नाही. पण लग्नाआधी आठ जानेवाऱ्या मी गड्ड्यात, म्हणजे आपल्या सोलापूरच्या यात्रेच्या जत्रेत, आकाशपाळण्याच्या फाटकावर काढल्यात. मामाचा पाळणा होता. सिद्धेश्वर यात्रेला होम मैदानावर लागायचा आणि महिनाभर चालायचा. मी तिकीट घ्यायचो, डब्यात बसवायचो, खिटी लावायचो. तुम्ही सगळे रांगेच्या शेपटाकडून बघता, मी आठ वर्षं तोंडाकडून बघितली.

पाळण्याला बारा डबे, एका डब्यात चार माणसं. आता लोकांना वाटतं, डबे ओळीनं भरत जायचे आणि चाक सोडायचं. तसं करता येत नाही. एका अंगाला सगळं वजन आलं की चाक त्या बाजूला ओढ खातं, मोटारीला आणि ब्रेकला ते झेपत नाही. म्हणून एक डबा भरला की अर्धं चाक फिरवायचं, समोरचा डबा खाली आणायचा, तो भरायचा. मग परत त्याच्या शेजारचा, परत त्याच्या समोरचा. बारा वेळा चाक थांबणार, बारा वेळा खिटी. मधेच एखादी आजी बसल्यावर म्हणायची, “नको रे बाबा, उतरव मला.” एखाद्याची चप्पल खाली पडायची. चाक खऱ्या वेगानं फिरायचं तीन मिनिटं, आणि उतरवून परत भरायला लागायची नऊ. बारा मिनिटांत अठ्ठेचाळीस माणसं, म्हणजे मिनिटाला चार. तुमच्या पुढं शंभर जण असले तर तुमचा नंबर पंचवीस मिनिटांनी.

आमच्या शेजारी छोटी रेल्वे असायची. चाळीस जण एकदम बसायचे, एकदम उठायचे, पाच मिनिटांत खेळ खलास. मिनिटाला आठ. तिथं शंभर जणांची रांग साडेबारा मिनिटांत संपायची. तरी लोक काय करायचे? रेल्वेची रांग लांब दिसली की आमच्याकडं पळत यायचे, आमच्याकडं साठच माणसं आहेत म्हणून. साठ माणसं म्हणजे आमच्याकडं पंधरा मिनिटं. कमी रांगेत जास्त वेळ उभे राहायचे आणि त्यांना ते कळायचंही नाही.

तर मुद्दा हा आहे ताई. रांग किती लांब आहे ते बघू नका, फाटक एकदा उघडल्यावर किती माणसं आत जातात आणि परत किती वेळानं उघडतं ते बघा. दोन वेळा फाटक उघडलेलं बघायला पाचेक मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं खर्चा, पुढचा तास वाचतो. मी दोन्ही लेकरांना घेऊन आता चार वेळा जाऊन आलोय, दोनदा खोपोली, दोनदा हैदराबाद, आणि दर वेळी हेच करतो.

मोठ्या पार्कातल्या राईड मी मनात तीन ढिगात टाकतो. पहिला ढीग, ज्यात गाड्या नाहीतर होड्या एकामागं एक येतच राहतात. खोपोलीला राजासॉरसची होडी आहे, अलिबाबाची बंदुका मारायची गाडी आहे. अशी रांग लांब दिसली तरी पाय हलत राहतात. दुसरा ढीग, मोठ्या दालनातले खेळ, एका दमात खूप लोक आत घेणारे. खोपोलीचं ‘आय फॉर इंडिया’ तसं आहे, खुर्चीत बसून भारतावरून उडत गेल्यासारखं वाटतं. हैदराबादला मिशन इंटरस्टेलर त्याच जातीचं. तिथं रांग म्हणजे पुढच्या खेळाची वाट. हे दोन्ही ढीग दुपारसाठी ठेवा.

तिसरा ढीग सगळ्यात नडतो. एकच गाडी, एकच पाळणा, थोडी माणसं, आणि प्रत्येकाच्या छातीवरचा दांडा तपासून मगच सुटणार. खोपोलीचं स्क्रीम मशीन घ्या, डेअर टू ड्रॉप घ्या. हैदराबादचं रिकॉइल घ्या. रिकॉइल पुढं जाऊन त्याच रुळावरून उलटं मागं येतं, त्यामुळं तिथं दुसरी गाडी सोडताच येत नाही. एक गाडी परत येऊन रिकामी होईल तेव्हाच पुढची माणसं बसणार. गर्दी कितीही वाढो, मिनिटाला सुटणारी माणसं तेवढीच. म्हणून फाटक उघडल्या उघडल्या आधी याच ढिगाकडं जायचं. नायट्रोसारखा मोठा कोस्टर एका ओळीत चार-चार जण बसवून नेतो, तरी त्याचं नाव मोठं असल्यानं सगळे तिकडंच धावतात. तोही सकाळीच उरकायचा. सकाळच्या पहिल्या तासात तिसऱ्या ढिगातल्या तीन झाल्या की दिवस तुमचा.

आता खोपोली का हैदराबाद. तुम्ही दिवाळीत जाणार म्हणून मी हैदराबाद सांगेन. कारण साधं आहे. आपल्याकडं शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत असते, तेलंगणात ती दसऱ्याला असते, बतुकम्मा आणि दसरा मिळून. दिवाळीला त्यांच्याकडं सुट्टी थोडकीच. भाऊबीज झाल्यावरच्या सोमवार-मंगळवारी पुण्या-मुंबईची सगळी लेकरं मोकळी असतात आणि खोपोली दोन्ही शहरांच्या मधे, एक्सप्रेस वेवर आहे. तेव्हा हैदराबादची लेकरं मात्र वर्गात बसलेली असतात. आपल्याकडची, लातूर-नांदेडची मंडळी तिकडं दिसतात, पण ती गर्दी त्या मानानं थोडी.

पण एक चूक करू नका. सोलापुरातून पहाटे चारला निघू आणि त्याच दिवशी पार्क करू, असं बरेच जण करतात. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करत तीनशे किलोमीटर होतात, वर रिंग रोड. पोचता पोचता पार्क उघडून गेलेलं असतं आणि रांगा ऐन भरात असतात. आदल्या दिवशी दुपारी निघा. पटानचेरूला बाहेरच्या रिंग रोडवर चढा, शहरात शिरूच नका. शमशाबादच्या बाजूला मुक्काम करा. पार्क रावीर्यालला आहे, रिंग रोडच्या तेरा नंबरच्या एक्झिटला. तिकीट मोबाइलवर आधीच काढा आणि दार उघडायच्या अर्धा तास आधी दारात उभे राहा. हा अर्धा तास आत गेल्यावरच्या दोन तासांच्या बरोबरीचा आहे.

पासाचं. आडवारी जाणार असाल तर घेऊ नका. शनिवार-रविवारशिवाय जमणारच नसेल तर घ्या, पण पाच जणांचे नको. सासूबाई आणि धाकटी ज्या राईडला बसणारच नाहीत, त्याचा पास त्यांना कशाला? काउंटरवर आधी विचारा, पासात कुठल्या राईड धरल्यात. तुमच्या लेकाला उंचीमुळं चालणाऱ्या किती आणि न चालणाऱ्या किती, ते ताडून बघा.

उंची घरीच मोजा. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राईडची किमान उंची दिलेली असते. तुमच्या घरी तर टेप गळ्यातच असतो.

पाटी_खडू

मी शाळेच्या सहली घेऊन सहा वर्षं जातेय, म्हणून दोन गोष्टी जोडते.

आडवार म्हणजे रिकामं असं समजू नका. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत आमच्यासारख्या शाळांच्या सहली आडवारीच असतात. दारात एसटीच्या आणि खासगी बस लागलेल्या दिसल्या की समजून जा. पण आमचंही एक ठरलेलं असतं. ऐंशी लेकरं एकत्र न्यायची म्हणजे नाश्ता, हजेरी, गट पाडणं, यात आमचा सकाळचा तास जातो, आणि परत घरी पोचवायचं असल्यानं दुपारी चारनंतर आम्ही लेकरं गोळा करायला लागतो. म्हणजे सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा दीड तास तुमचा. दिवाळीत सहली नसतात, पण पुढं कधी डिसेंबरात गेलात तर उपयोगी पडेल.

दुसरं जेवणाचं. एक ते अडीच सगळं पार्क जेवायला बसतं. तुम्ही साडेअकराला घरचे धपाटे आणि शेंगाची चटणी खाऊन घ्या. बाहेरचं आत नेऊ देत नसतील तर गाडीत, आत जायच्या आधीच. आणि दीड वाजता राईडकडं जा. ऊन तापलं की अर्धी गर्दी पाण्याकडं वळते, तेव्हा कोरड्या राईड मोकळ्या पडतात.

पाण्याच्या राईडला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. सगळ्यांचे घरून न्या, नाहीतर तिथं कपड्यांच्या काउंटरवर आणखी एक रांग.

ताणाबाणा

होममैदान काका, तुम्ही जे फाटकावर उभं राहून शिकलात ते आम्हाला इंजिनिअरिंगला पुस्तकातून शिकवलं. त्याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६१ साली तो गणितानं सिद्ध करून दाखवला. रांगेतली माणसं म्हणजे मिनिटाला सुटणारी माणसं गुणिले थांबायची मिनिटं. बँक असो, दवाखाना असो, यंत्रमागाच्या शेडमधे बीमची, म्हणजे ताण्याच्या सुताच्या रुळाची, वाट बघणारे माग असोत, सगळीकडं तेच. तुमचं शंभर भागिले चार बरोबर पंचवीस तेच सांगतं.

पासाबद्दल एक गोष्ट. डिस्नेनं १९९९ मधे फास्टपास काढला तेव्हा तो फुकट होता. ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यायची, तोवर दुसरीकडं फिरायचं, वेळ झाली की वेगळ्या रांगेनं आत. २०२१ मधे तो बंद केला आणि त्या जागी पैशाची सोय आली. पण फुकट असो की पैशाचा, पासानं राईडच्या खुर्च्या वाढत नाहीत. पासवाल्या रांगेतून दहा माणसं घेतली की साध्या रांगेतली दहा माणसं मागं राहतात. म्हणून होममैदान काका म्हणतात तसं फाटकावर मोजताना पासवाली रांगही मोजायची. साधी रांग पन्नास माणसांची दिसते, पण तिच्यात दोन माणसं सोडली की शेजारून आठ आत जातात, असं असेल तर ती पन्नासांची रांग नाही.

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. होममैदान दादा, काल रात्री कारखान्यातली माणसं गेल्यावर लेकाला कटिंगच्या टेबलाजवळ उभं केलं. अनवाणी, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर लाकडी फूटपट्टी आडवी धरली आणि पेन्सिलीची खूण केली. आमचा टेप इंचाचा, पार्कचे आकडे सेंटिमीटरचे. टेप उलटा करून दुसऱ्या बाजूनं मोजलं. मागच्या वर्षीपेक्षा चार बोटं वाढलाय. वेबसाइटवरून सगळ्या राईडची यादी वहीत उतरवली आणि त्याच्याच हातानं पुढं खुणा करायला लावल्या. दोन राईड अजूनही चालत नाहीत. घरी कळलं म्हणून त्यानं नुसतं “पुढच्या वर्षी” असं लिहून ठेवलं.

दोन शंका. एक, मोठ्या राईडला आम्ही दोघं आणि लेक बसायचं म्हटलं तर धाकटीला सासूबाईंजवळ ठेवता येईल, पण ती माझ्याशिवाय रडते. मग मी आणि हे आलटून पालटून बसायचं तर दोनदा रांग? दुसरं, सासूबाईंना दिवसभर कुठं बसवायचं?

होममैदान

पहिल्याला उत्तर आहे. पहिल्याच मोठ्या राईडच्या फाटकावर गेलात की तिथल्या मुलाला स्पष्ट विचारा, “लहान मूल आहे, एक जण आधी बसतो, त्याच रांगेवर दुसरा नंतर बसला तर चालेल का?” बऱ्याच ठिकाणी अशी सोय करतात, पण ती फलकावर लिहिलेली नसते. विचारणाऱ्यालाच मिळते. नाही म्हणाला तर जाऊ द्या, त्याच्याशी वाद घालू नका. त्याच्यामागं तीनशे माणसं उभी असतात.

फाटकावरचा मुलगा दिवसभर ओरडून ओरडून थकलेला असतो ताई. त्याच्याशी कुणी दोन शब्द माणसासारखं बोललं की तो खरं सांगतो. कधी गर्दी ओसरते, कुठली राईड बंद आहे, कुठली दहा मिनिटांत चालू होतेय, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मला गड्ड्यात कुणी “जेवलास का रे” विचारलं तर मी त्याला सांगायचो, आत्ता थांबू नका, सातची आरती झाली की या.

आणखी एक. चारच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसलं की एक जागा रिकामी जाते. तेव्हा फाटकावरून हाक येते, “एकटं कोण आहे?” गड्ड्यातही आम्ही तसंच ओरडायचो. शेजारी बसायचा हट्ट नसेल तर साहेबांना हात वर करायला सांगा. मागून पुढं जायची ही एकच सरळ वाट आहे, आणि तिच्यानं कुणाचा नंबर मारला जात नाही. लेकराला मात्र एकटं पाठवू नका.

सासूबाईंना सकाळीच अशी जागा बघून द्या की जिथं सावली, स्वच्छतागृह आणि पाणी, तिन्ही पन्नास पावलांत आहे. सगळ्या पिशव्या त्यांच्यापाशी. पिशवी नसली की राईडपाशी सामान ठेवण्यात वेळ जात नाही. आणि दालनातले खेळ त्यांच्यासाठी राखून ठेवा, तिथं बसायला मिळतं.

बंद दालनाबद्दल एक सावधगिरी. बाहेर रांग दिसत नाही म्हणून आत शिरू नका. रांग इमारतीच्या आत वळवलेली असते, एकातून दुसऱ्या खोलीत. दारातल्या माणसाला विचारा, “आत किती वेळ?”

सुईदोरा

जाऊन आलो! भाऊबीजेनंतरच्या मंगळवारी.

सोमवारी दुपारी निघालो, शमशाबादला मुक्काम केला, सकाळी दार उघडायच्या चाळीस मिनिटं आधी पोचलो. आमच्या पुढं दहा-बारा कुटुंबं होती, बस्स. उघडल्यावर सगळे उजवीकडं डावीकडं फोटो काढत थांबले, आम्ही सरळ रिकॉइलकडं गेलो. हे आणि लेक आधी बसले. मी खाली उभी राहून घड्याळ लावलं. फाटक उघडल्यापासून परत उघडेपर्यंत साडेपाच मिनिटं. लेक उतरून आला तेव्हा केस उभे, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर एवढं हसू की मला मागचं वर्ष विसरायला झालं. “आई, उलटं जाताना पोटात काहीच राहत नाही!”

धाकटीबद्दल विचारलं तर त्या मुलानं लगेच मान डोलावली, आणि मी दुसऱ्या फेरीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा अशा राईडला बसले. मला वाटलं होतं मी डोळे मिटेन, पण मिटले नाहीत.

जेवणाच्या वेळेपर्यंत सात झाल्या. सासूबाईंनी मात्र कमाल केली. त्यांचं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगू बोलत मोठ्या झालेल्या. झाडाखालच्या बाकावर बसून शेजारच्या राईडच्या मुलाशी त्यांनी तासभर गप्पा मारल्या. तो कुठल्या गावचा, घरी कोण, पगार वेळेवर होतो का. सोबतची शेंगापोळी त्याला दिली. त्यानं सांगितलं, “अम्मा, तीन वाजता या, सगळे पाण्यात असतात.” तीनला गेलो तर आमच्या पुढं नऊ माणसं. लेक सलग तीनदा बसला.

एक चूक झाली आणि ती माझी. एका बंद दालनाबाहेर कुणीच दिसेना म्हणून घाईत आत शिरलो. दादांनी लिहिलेलं असूनही विचारलं नाही. आत पन्नास मिनिटं. वळलो की नवीन खोली, नवीन पाइप. सासूबाई बरोबर होत्या, त्यांचे पाय भरून आले. ते मनाला लागून राहिलंय.

पाण्याचे कपडे घरचे होते. मागच्या सीझनच्या पीटी ड्रेसच्या नायलॉनच्या कापडातून पाचही जणांचे शिवून टाकले. टॉवेल सोलापुरातलेच.

संध्याकाळी वहीत लेकानं मोजलं, सोळा. पास घेतला नाही.

आता घरी आल्यापासून त्याला दुसरंच वेड लागलंय. पेट्रोल पंप असो, केळीवाला असो, तो मिनिटाला किती माणसं सुटतात ते मोजतो. आणि विचारतोय, जानेवारीत गड्ड्यात आकाशपाळण्याला किती वाजता गेलं की कमी थांबावं लागेल. दादा, त्याला तुम्हीच सांगा.

होममैदान

ताई, वाचून फार बरं वाटलं. लेकाला सांगा, अक्षता, होम आणि शोभेचं दारूकाम, या दिवशी पाळण्याकडं फिरकायचं नाही. त्या दिवशी यात्रा बघायची, नंदीध्वज बघायचे. यात्रेचे मुख्य दिवस सरले तरी गड्डा पुढं बरेच दिवस असतो. मधल्या एखाद्या आडवारी दुपारी चारच्या सुमाराला या. तेव्हा चाक अर्धंच भरतं, आणि अर्धं भरलेलं चाक लवकर सुटतं.

सासूबाईंना वरचा डबा मागू नका, तो वारा खातो. पायरी कमी असलेल्या बाजूनं बसवा. आणि लेकाला फाटकाजवळ दोन मिनिटं उभं करा. एक डबा भरल्यावर चाक अर्धं फिरून समोरचा डबा खाली येतो का, ते त्याला स्वतःलाच बघू दे.